येळवशीची आंबील

टाकेवाडी, ता. औसा
२ डिसेंबर २०२४

तनुअक्का,

तुमच्या भावजयीचा, शिवकन्येचा नमस्कार. पत्र बघून दचकू नका, घरी सगळे बरे हायत. फोन करता येत न्हाई म्हणून लिहून राहिले. माझा मोबाईल दसऱ्यापासून ह्यांच्या खिशात असतो. त्यात प्रार्थनेची गाणी सापडली. तुमचा भाऊ ओरडला न्हाई, नुसतं म्हणाला, "दे इकडं." दिला मी.

मी येशूला मानते हे दिवाळीत तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही हसलात. म्हणलात, मान की, तेहतीस कोटीत आणखी एक. अक्का, तो आणखी एक नसतो. तो एकटाच मानायचा असतो. सगळा घोळ तिथंच झालाय.

महिनाअखेर येळवशीची अमावस्या आलीय. शेतात कडब्याची कोपी घालायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे आन् घरच्या नवराबायकोनं जोडीनं पूजेला बसायचं. गेल्या साली अम्माच्या ऑपरेशनसाठी मी देगलूरला माहेरी होते, म्हणून निभावलं. औंदा सुटका न्हाई. मी आंबील करते, भज्जी करते, उंडे करते, चाळीस माणसांचं रात्रभर बसून करते. पण हात जोडणं माझ्यानं होणार न्हाई. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मनात काय ठेवायचं ते ठेव, हात जोडायला काय जातंय तुझं?" आईंना अजून सांगितलेलं न्हाई. तुम्ही त्यांना समजावाल का? तुमचं ऐकतात त्या.

उत्तर घरी पाठवू नका. गावात आशा कार्यकर्त्या हायत, पंचशीलाताई, त्यांच्या पत्त्यावर पाठवा. त्या म्हणतात, "आमच्या आजोबांनी छप्पन साली धर्म बदलला तर अख्खी वस्ती सोबत होती. तू एकटीच निघालीस, येडे?" हसतात, पण पत्र पोचवतात.

तुमची
शिवकन्या

*

रेल्वे क्वार्टर, नांदेड
८ डिसेंबर २०२४

चि. सौ. शिवकन्या,

अक्काचा आशीर्वाद. अगं बाई, पत्र तुझं आन् उत्तराला पत्ता दुसरीचाच! पोस्टमन माझ्याकडं असा बघत होता की मी पळून जायची तयारी करून राहिले. हसून घे आधी.

आता ऐक. आईला समजाव म्हणतीस. आईला एखादी गोष्ट सांगणं म्हणजे देवळाच्या स्पीकरवरून सांगणं हाय, तुला न्हाई का माहीत? आन् काय सांगू? तुझ्या सुनेला पांडव चालत न्हाईत? पांडव काय तुझ्या येशूशी भांडायला जाणार हायत? बिचारे वर्षातून एक दिवस चुना लावून बसतात, आंबील पितात, जातात.

डोळे मिट, हात जोड, मनात तुझी प्रार्थना म्हण. कुणाच्या बापाला कळतंय! आमच्या शेजारची जळगावची बाई विचारत होती येळवस म्हणजे काय. मी म्हणलं, आमच्याकडं त्या दिवशी लातूरच्या बाजारात कावळासुद्धा सापडत न्हाई, सगळी दुनिया शेतात जेवायला असते. अशा दिवशी तू एकटी तोंड फिरवून उभी राहणार?

आणखी एक, राग मानू नको. आमचे हे विचारून राहिले, तिला कुणी काही आमिष दाखवलंय का? मी म्हणलं, आमची शिवकन्या तसली न्हाई. पण मग असं काय अडलंय गं तुझं त्या पाच दगडांशी?

अक्का

*

टाकेवाडी
१५ डिसेंबर २०२४

अक्का,

नमस्कार. आमिष दाखवलं असतं तर सोपं होतं, परत देऊन मोकळी झाले असते.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या रेणुकाच्या पाठीवरचं बाळ दोन वर्षांमागं लातूरच्या दवाखान्यात गेलं, तुम्हाला माहीत हाय. त्या साली येळवशीला मला नववा लागलेला, म्हणून शेतात गेले न्हाई. पुढं पंधरा दिवसांत बाळ झालं आन् तिसऱ्या दिवशी गेलं. भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच विचारायचा, कुणाचं काय चुकलं? शेवटी आईंनीच शोधून काढलं. येळवशीला जोडीनं पूजा झाली न्हाई, हे एकटेच बसले, म्हणून पांडवांनी लेकरू नेलं. तेव्हापासून गावाला तेच खरं वाटतंय. आईंचा मला राग न्हाई. त्यांनासुद्धा कुठंतरी टेकायला पाहिजे होतं.

शेजारच्या खाटेवरच्या पोरीची आई होती, उमादेवी नावाची. ती माझ्याजवळ येऊन बसली. तिनं विचारलं न्हाई काय चुकलं. तिनं विचारलं, "नाव काय ठेवलं होतं?" ठेवलंच नव्हतं आम्ही, बारसं व्हायचं होतं. ती म्हणाली, "मग आता ठेव की. नाव घेऊन प्रार्थना करू." ठेवलं मी. ह्यांनासुद्धा अजून सांगितलेलं न्हाई ते. पुढं औशाला तिच्याच घरी मी प्रार्थनेला जाऊ लागले. आता तेही बंद हाय. काही पोरं येऊन सगळ्यांची नावं विचारून गेली, मग घरमालकानं तिला खोली सोडायला लावली.

अक्का, त्या दगडांपुढं हात जोडले की माझ्यापुरतं ते खरं होतं. माझं लेकरू माझ्या न जोडलेल्या हातांपायी गेलं, हे मी कबूल केल्यासारखं होतं. तेवढं माझ्यानं होत न्हाई. बाकी म्हणाल ते करते.

शिवकन्या

*

नांदेड
२१ डिसेंबर २०२४

शिवकन्ये,

तुझं पत्र वाचून भाजी करपली. दोनदा रडले. हे विचारून राहिले काय झालं, मी म्हणलं कांदा.

मी येळवशीला येते. दोन दिवस आधी जमणार न्हाई, यांची ड्यूटी हाय, पण त्या दिवशी सकाळी थेट शेतात पोचते. आईला मी बघून घेते. कसं ते विचारू नको, अजून मलाच ठाऊक न्हाई. वेळेवर सुचतं मला. तू फक्त गप बसायचं. समजलं? तोंडातून एक अक्षर काढायचं न्हाई.

अक्का

*

नांदेड
३ जानेवारी २०२५

शिवकन्या,

हे पत्र तुझ्या माहेरच्या पत्त्यावर टाकून राहिले. आशीर्वाद लिहायला आज हात उठत न्हाई.

तुला गप बस म्हणलं होतं. एवढंच काम होतं तुला! तुझा नवरा बालाजी पाटावर बसलाय, आई कोपीतून हाका मारतीय, "सूनबाई, ये, जोडीला बस," आन् तू चुलीपाशी झाकण हातात धरून खांबासारखी उभी. सगळा गोतावळा बघून राहिलाय. मला दुसरं काही सुचलंच न्हाई. तोंडातून निघून गेलं, "आई, तिला सकाळीच पाळी आलीय. ती कशी बसंल पूजेला?" सुटले म्हणलं.

मग आईचं तोंड बघितलं. अय्यो! निवदाचं सगळं तुझ्याच हातचं हाय, हे माझ्या टाळक्यातच आलं न्हाई. इथं क्वार्टरात कोण पाळतंय? त्या दिवसांत मीच स्वयंपाक करते, मीच दिवा लावते. टाकेवाडीत बाजूला बसलेल्या बाईच्या हातचं देवाला तर न्हाईच, माणसालाही चालत न्हाई, हे मी साफ इसरले. आईनं आंबिलीचं बिंदगं उचललं ओतायला.

ओतलं असतं तर ओतलं असतं! आईनं मला चार शिव्या घातल्या असत्या, माणसांनी घरी जाऊन भाकरी खाल्ली असती, संपलं असतं. तू मधी का पडलीस? "आई, ओतू नका. मला काही झालेलं न्हाई. अन्न चांगलं हाय. मीच हात जोडणार न्हाई." कुणी विचारलं होतं तुला? सगळ्या शिवारापुढं मी खोटी पडले. बालाजी पुन्हा एकटाच बसला, त्याचं तोंड बघवत नव्हतं. आन् मग सगळ्यांनी तुझ्याच हातची आंबील वाट्या भरभरून पिली, तुझ्याशी मात्र एकही माणूस बोललं न्हाई. त्यांनाही काही लाज हाय का?

असो. बालाजी म्हणाला तुला देगलूरला सोडून आलोय. रहा थोडे दिवस. सगळ्यांचा राग उतरू दे, माझाही.

तनुजा

*

देगलूर
१४ जानेवारी २०२५

अक्का,

नमस्कार. तुम्हाला खोटं पाडायचं नव्हतं मला. तुम्ही माझ्यासाठी बोललात, ते मी जन्मात इसरणार न्हाई. मी गपच होते, खरंच. पण आईंनी बिंदगं उचललं. रात्रभर माझ्याबरोबर शेंगा सोलत बसल्या होत्या त्या. कोपीबाहेर मजुरांची लेकरं ताटं घेऊन बसलेली, पंचशीलाताईंची दोघंही होती त्यांच्यात. तेवढं अन्न मातीत गेलं असतं, तेही खोट्यावर. बोलले तर मी जाणार, न बोलले तर अन्न. विचार करायला वेळ नव्हता, तोंडातून खरं निघून गेलं. तुमच्या तोंडातून कसं निघून गेलं, तसंच.

ह्यांनी मला गाडीत खिडकीपाशी बसवलं. उदगीरला चहा पाजला, माझ्यासाठी खारी घेतली. देगलूरच्या स्टँडवर पिशवी हातात दिली आन् म्हणाले, "आठवडाभर रहा. मी येतो न्यायला." पिशवी त्यांनीच भरलेली. घरी येऊन उघडली तर आत उन्हाळ्यातल्या सुती साड्यापण निघाल्या. पुरुषमाणूस, घाईत जे हाताला लागलं ते भरलं असंल.

आठवडा होऊन गेला. कामात असतील. तुम्ही फोन केलात तर सांगा, रेणुकाची वेणी झोपायच्या आधी सोडून परत घालायची, न्हाईतर सकाळी गुंता होतो आन् ती रडते.

शिवकन्या

*

नांदेड
२ मार्च २०२५

चि. सौ. शिवकन्या,

आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला, काय सांगू. आमच्या नळाला तीन दिवसाआड पाणी, यांची नाईट ड्यूटी, वर जळगावची शेजारीण बदली होऊन गेली, तिचं सामान बांधू लागले. ऊन तर आत्तापासूनच असं पडलंय की विचारू नको.

रेणुका मजेत हाय. आई हळूहळू निवळतीय. बालाजी हरभऱ्याच्या राशीत गुंतलाय, ती झाली की येईल. तू मनाला लावून घेऊ नको, थोडं थांब. माझं सगळं लक्ष हाय तिकडं. तुझ्या अम्माचं गुडघ्याचं कसं काय? तिळाचं तेल चोळत जा म्हणावं.

अक्का

*

देगलूर
२० जून २०२५

अक्का,

नमस्कार. शाळा उघडल्या म्हणून मी स्वतःच टाकेवाडीला जाऊन आले.

आई दारात होत्या. आत ये म्हणल्या न्हाईत. ओसरीवर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. पाणी देताना डोळ्यांना पदर लावला त्यांनी, मी बघितलं. हे शेताकडं होते, निरोप गेला तरी आले न्हाईत. रेणुका माझ्या मांडीवर बसली, गणवेश दाखवला. मग म्हणाली, "मम्मी, तू आता इथं राहत न्हाईस ना? येळवशीच्या दिवशी संध्याकाळी सगळे बसले होते तेव्हाच ठरलं. आत्या पण होती."

अक्का, तुम्ही होतात का? बाकी काही नको, एवढंच लिहा.

इथं मी कापसाला जाते, खुरपायला जाते. नाना म्हणतात, "नवऱ्याच्या घरी हात जोडले नाहीस, निदान माझ्या घरी तरी जोड, गल्लीत तोंड दाखवू दे." पंचशीलाताईंनी सांगितलं, कोर्टात जा, लेकरू आईला मिळतं. पण मग रेणुकाला उभं करून विचारतील, तुला कोण पाहिजे. आजी, पप्पा की मम्मी. तिला ते विचारू देणार न्हाई मी.

इथं एका घरी प्रार्थना होते, सगळी तेलगूत. निम्मं कळतं. मी आपली मराठीत बोलते प्रभूशी. तो ऐकतो म्हणतात. उत्तर काही देत न्हाई, तरी बोलते.

शिवकन्या

*

नांदेड
१ जुलै २०२५

शिवकन्या,

होय. होते.

आई रडून राहिली होती, चुलते बोलून राहिले होते, बालाजी जमिनीकडं बघत होता. तुला सोडून यायचं ठरलं. मी काय बोलणार? माझंच खोटं सकाळी उघडं पडलेलं. आन् मार्चात तुला खरं लिहायला बसले होते, तर पेन पाण्याच्या नळावरच जाऊन बसलं.

तुला इथं आणावं म्हणून यांच्याजवळ विषय काढला. हे म्हणाले, तुझ्या माहेरचं भांडण माझ्या घरात नको. घर त्यांचं, क्वार्टर रेल्वेचं, माझं काय हाय त्यात? मी भांडी घासते आन् रडते. तुझ्यावर एवढा जीव असून मला एक खोली देता येत न्हाई तुला. शिव्या घाल मला, पण पत्र बंद करू नको.

अक्का

*

नांदेड
३ डिसेंबर २०२५

शिवकन्या,

आशीर्वाद. तुझं एकही पत्र न्हाई जुलैपासून. पंचशीलाकडून कळतं तू बरी हायस.

एक विचारायचं हाय, आन् विचारायची लाज वाटतीय. येळवस औंदा एकोणीसला हाय. आईनं परवा फोन केला. दिवाळीनंतर तिनं दोनदा आंबील करून बघितली, दोन्ही वेळा फुटली. रेणुका तोंडाला लावत न्हाई, म्हणते मम्मीची पाहिजे. आईनं आधी पाण्यापावसाचं विचारलं. मग म्हणाली, "तिला विचार, कशी करायची."

तिला बोलव, असं न्हाई म्हणाली गं. मी वाट बघितली. पण तेवढ्यावरच थांबली. आईच्या तोंडून एवढं निघालं हेच लई, असं म्हणून मी लिहायला बसले. वाटलं, एक दार किलकिलं झालं तर झालं. तुला नको असंल तर नको लिहू.

अक्का

*

देगलूर
९ डिसेंबर २०२५

अक्का,

नमस्कार. तुमच्यावर राग न्हाई. लिहायला काही नव्हतं, म्हणून लिहिलं न्हाई.

इथल्या पास्टरांना विचारलं. ते म्हणाले, मूर्तीच्या निवदाची कृती तू लिहून देऊ नये. मी ऐकून घेतलं. पण लेकरू पिणार हाय ना ते. प्रभू माझ्यावर रागवायचा असंल तर रागवू दे.

ज्वारीचं पीठ आदल्या दिवशी सकाळीच भिजवायचं, झाकून चुलीच्या कडेला ठेवायचं. आंबट वास सुटला पाहिजे. पाण्याला आधण आलं की पीठ थोडं थोडं सोडायचं आन् ढवळत राहायचं, हात थांबला की गाठी होतात. तकाकी आली की उतरायचं. आता खरी गोष्ट. पूर्ण गार झाल्याशिवाय ताक घालायचं न्हाई. आई घाई करतात, कोमट असतानाच ताक ओततात, म्हणून फुटतं. लसूण-जिरं पाट्यावर वाटायचं, मिक्सरमध्ये न्हाई. बिंदगं घोंगडीत गुंडाळून न्यायचं, उन्हात ठेवायचं न्हाई.

मिरची घालायच्या आधी रेणुकासाठी एक गडवा वेगळा काढा. त्यात मिठाबरोबर चिमूटभर गूळ टाका. हे आईंना ठाऊक न्हाई, माझं मीच करायचे. कोथिंबीर घालू नका, ती बोटानं वेचून काढत बसते.

आन् तुम्हीच करा, अक्का. आईंचे हात दुखतात आता.

शिवकन्या

*

नांदेड
२१ डिसेंबर २०२५

शिवकन्या,

तू लिहिलंस तश्शी केली. आदल्या दिवशीच गेले. गार होईपर्यंत आईला भांड्याजवळ येऊ दिलं न्हाई. जमली बाई आंबील. सगळे पिऊन म्हणाले, दरसालसारखी झालीय. कुणाच्या हातची म्हणून कुणी विचारलं न्हाई. आन् आई माझ्याकडं बघून म्हणाली, "चला, आता जमतं आपल्याला."

तेव्हा कुठं मला कळलं गं. वर्षभरात तुझ्यावाचून आईचं एवढं एकच अडलं होतं. ते मी तुझ्याकडून लिहून आणलं आन् तिच्या हातात दिलं. तुला विचारायलाच नको होतं मी. दोनदा तुझं बरं करायला गेले, आन् दोन्ही वेळा हे असं झालं.

रेणुकाचं सांगते. सांगू नये असं वाटतं, पण मार्चासारखं पुन्हा करायचं न्हाई मला. तिचा गडवा वेगळा काढला होता, गूळ घालून. वाटीत ओतून दिला. तिनं एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आन् उठून पळत कोपीच्या मागं गेली. मग कडब्याच्या गंजीमागं. मग विहिरीकडं. "मम्मी! मम्मी, ये की बाहेर! कुठं लपलीस?" सगळ्या शिवारात तिचाच आवाज. आई खाली बसली. बालाजी हातात वाटी घेऊन तसाच उभा राहिला. चाळीस माणसं होती, पण तिला सांगायला एकही उठलं न्हाई.

शेवटी मीच गेले. ती विहिरीच्या कट्ट्यापाशी वाकून बघत होती. मला म्हणाली, "आत्या, आंबील मम्मीची हाय. मग मम्मी कुठाय?"

मी तिला उचलून आणलं, पण उत्तर दिलं न्हाई. अजून दिलेलं न्हाई. तिला काय सांगायचं, तेवढं लिहून कळव.

तुझी
अक्का